झाडीपट्टीचे आकाश आणि तैलरंग

महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाचा इतिहास लिहावयास बसलेल्या अभ्यासकास एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही, की आपल्या चित्रकारांनी ज्या आस्थेने सह्याद्रीचे कडे, कोकणातील खाड्या, नाशिक व वाई येथील घाट आणि कोल्हापूरचे जलाशय रंगविले, त्या आस्थेने वैनगंगेच्या खोऱ्याकडे आणि त्यापलीकडील झाडीच्या मुलखाकडे त्यांनी पाहिल्याचे आढळत नाही. आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ यांच्या काठी आपले आयुष्य वेचले. मूळचे गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी मुंबईत राहून तैलरंगावर असाधारण प्रभुत्व मिळविले. देवळालीकरांनी इंदूरला काढलेल्या चित्रशाळेत नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखा निसर्गाचा मर्मज्ञ तयार झाला. परंतु ज्या जिल्ह्यात पाणी आणि आकाश ह्यांचा सहवास वर्षातील कित्येक महिने अखंड चालतो, तो गोंदिया जिल्हा मराठी निसर्गचित्राच्या नकाशावर जवळजवळ कोराच राहिला. ह्या पुस्तकाचा विषय वादळी हवा आणि तीव्र प्रकाश ह्यांचे तैलरंगातील चित्रण हा आहे, आणि त्यातील बहुतेक उदाहरणे ह्याच जिल्ह्यातून घेतली आहेत. त्या निवडीमागे जन्मभूमीचा अभिमान आहे हे मी नाकारीत नाही. पण अभिमानाहून बळकट असे एक कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे, आणि ते उलगडून सांगण्यासाठीच ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहावी लागत आहे.

महसुली दप्तराच्या दृष्टीने गोंदिया हा तरुण जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. उत्तरेस बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड, दक्षिणेस गडचिरोली आणि पश्चिमेस भंडारा अशा त्याच्या हद्दी आहेत. पण मनुष्याच्या हाताने घडविलेली भूमी म्हणून तो फार जुना आहे. कोहळी समाजातील कसबी माणसांनी, गोंड राजवटीत आणि तिच्यानंतरही, उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून जागोजागी पाणी अडविले. प्रत्येक गावाचा तलाव, त्याच्या खाली लहान बोड्या, बोड्यांच्या खाली पाट आणि पाटांच्या खाली धानाच्या बांध्या अशी पाण्याची एक उतरती व्यवस्था त्यांनी ह्या मुलखात लावून दिली. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे मानतात, आणि त्याच्या सभोवतीचे डोंगर व मध्ये थांबलेले पाणी पाहिले असता ह्या माणसास भूमीच्या रेषांचे जे ज्ञान होते ते एखाद्या रेखाटनकारासही हेवा वाटावा असे होते, ह्याविषयी शंका उरत नाही. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाल्यावर ते सरकारजमा झाले, आणि आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यात मामा तलाव, म्हणतात. त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न हा शेतकऱ्यांचा आणि पाटबंधाऱ्याचा प्रश्न आहे खरा. पण पाळ फुटली किंवा तलाव गाळाने भरला, म्हणजे एका दृश्याचाही अंत होतो, हे चित्रकाराने विसरू नये.

ह्या तलावांनी चित्रकारासाठी काय केले, ते आता पाहू. पहिली गोष्ट अशी, की त्यांनी भूमी सपाट केली आणि क्षितिज खाली आणले. सह्याद्रीत डोंगर आकाशाचा मोठा भाग व्यापतो, आणि मेघ हा त्याचा मुकुट होऊन बसतो. गोंदिया, आमगाव किंवा गोरेगाव तालुक्यातील बांध्यांच्या मध्ये धुऱ्यावर उभे राहिले, तर फळीचे तीन चतुर्थांश आकाशालाच द्यावे लागतात, आणि मेघ हाच चित्राचा डोंगर होतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आषाढात रोवणीसाठी बांध्यांत पाणी साठविलेले असते आणि पऱ्हे अजून लहान असतात, त्या दिवसांत ही सारी भूमी आकाशाचे प्रतिबिंब धरून असते. पण ते प्रतिबिंब समोरच्या आकाशाची नक्कल नसते. दूरच्या पाण्यात क्षितिजाजवळचे आकाश दिसते, आणि जसजशी दृष्टी पायांकडे येते तसतसे माथ्यावरचे आकाश पाण्यात उतरते. पूर्वेस मेघ काळाकुट्ट असला आणि माथ्यावर मोकळी फट असली, तर दूरच्या बांध्या शिशासारख्या जड दिसतात आणि जवळची बांधी एकाएकी उजळून निघते. नवशिका चित्रकार समोरचे आकाश तसेच खाली उलटे रंगवितो, आणि चित्र खोटे का वाटते ह्याचा शोध लावण्यात त्याचा दिवस जातो. शिवाय स्थिर पाण्यात गडद वस्तूचे प्रतिबिंब किंचित फिके आणि तेजस्वी वस्तूचे प्रतिबिंब किंचित मंद होते. रोवणीच्या गढूळ पाण्यात तर मातीचा स्वतःचा पिवळसर तांबूस रंगही त्यात मिसळतो. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची सवय डोळ्यास लागली, म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे.

आता मुख्य कारणाकडे वळतो. कोकणात पाऊस समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून, चढतो. त्यामुळे तिसऱ्या प्रहरी सूर्य आणि मेघ एकाच दिशेस येतात, आणि चित्रकारास बहुधा प्रकाशाच्या समोर उभे राहून झाकोळलेल्या आकृती रंगवाव्या लागतात. गोंदियाकडे मोठा पाऊस आणणारी कमी दाबाची क्षेत्रे मात्र पुष्कळदा बंगालच्या उपसागरात जन्म घेतात आणि ओडिशा व छत्तीसगड ओलांडून इकडे सरकतात. दिवस कलल्यावर सालेकसा आणि देवरी ह्या बाजूच्या डोंगरांवर मेघांची भिंत उभी आहे, आणि पश्चिमेस तिरोड्याकडचे आकाश अजून मोकळे आहे, असा योग ज्या दिवशी येतो, त्या दिवशी सूर्य चित्रकाराच्या पाठीशी असतो आणि त्याचा तिरपा, पिवळा झालेला प्रकाश धानावर, पाळीवरच्या अर्जुनवृक्षांवर, कौलारू घरांवर पडून त्यांच्या मागचा मेघ अधिकच गडद भासवितो. सामान्य दिवशी आकाश हे दृश्यातील सर्वांत उजळ आणि भूमी ही सर्वांत गडद असते. ह्या घटकेला तो नियम उलटा होतो, भूमी आकाशाहून उजळ होते, आणि ज्याला आपण नाट्यमय प्रकाश म्हणतो त्याचे सारे रहस्य ह्या एका उलटापालटीत आहे. विजा, सोसाट्याचा वारा, वाकलेली झाडे ही सर्व सामग्री नंतरची. इंद्रधनुष्यही ह्याच रचनेचे अपत्य आहे: ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेस पडते, आणि सूर्य क्षितिजापासून बेचाळीस अंशांहून खाली उतरल्यावाचून सपाट भूमीवरून ते दिसत नाही. भर दुपारच्या आखूड छाया काढून वर इंद्रधनुष्य काढणाऱ्या चित्रकाराने आकाशाचा हा कायदा मोडलेला असतो, आणि शेतावर आयुष्य घालविलेल्या माणसास कारण सांगता आले नाही तरी तो अपराध जाणवतो.

मेघास दिशा असते, मार्ग असतो आणि ठराविक तिथीस तो ठराविक ठिकाणी येतो, ही जाणीव आपल्या साहित्यात फार प्राचीन आहे. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवरून आषाढातील मेघास वाट सांगतो तो गिरी म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेक, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी प्रतिपादिले आहे; म्हणजे ज्या आकाशाविषयी आपण बोलत आहो, त्याच्या शेजारचेच ते आकाश. इकडचा शेतकरीही मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशा नक्षत्रांच्या नावाने पावसाचा हिशेब ठेवतो, आणि मघाचा पाऊस व हस्ताचा पाऊस ह्यांच्यात त्याला जो भेद दिसतो तो चित्रकारास रंगाच्या भाषेत दिसला पाहिजे. मृगाच्या सुमारास भूमी अजून भाजलेली, तांबडी आणि आकाश धुळीने पिवळट असते. पुष्यात हिरवा रंग कोवळा आणि पाणी उघडे असते. मघेत धान वाढून पाण्याला झाकते आणि हिरव्याची एकच जाड चादर पसरते. हस्तात लोंब्या उतरू लागतात, मेघ फुटून वेगवेगळे होतात आणि त्यांच्या कडा कोरल्यासारख्या स्वच्छ दिसतात. चार महिन्यांचा पाऊस म्हणून सरसकट एकच राखाडी रंग वापरणारा मनुष्य ह्या मुलखात परका ठरतो.

हे सारे क्षणात पालटणारे असल्यामुळे त्यासाठी जलरंगच योग्य, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे, आणि मराठी चित्रकारांनी जलरंगात जे मिळविले आहे ते पाहता तो अकारण म्हणता येणार नाही. तरीही माझे मत असे, की ह्या प्रकाशाचे खरे माध्यम तैलरंग हेच आहे. जलरंगात उजळपणा हा कागदाचा असतो. एकदा झाकला की तो परत मिळविणे दुष्कर. वादळी प्रकाशात तर उजेड शेवटी येतो, काळोखाच्या वर येतो, आणि पाच मिनिटांत दुसऱ्याच बांधीवर जाऊन बसतो. तैलरंगात गडदावर उजळ ठेवता येते, ठेवलेले खरवडता येते, आणि ओल्यात ओले मिसळून मेघाची कडा कोठे कठोर व कोठे विरलेली ठेवावी हे शेवटपर्यंत हातात राहते. १८४१ साली जॉन रँड ह्या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याची दाबून पिळता येणारी धातूची नळी काढली, त्यानंतर तैलरंग उघड्यावर नेणे सोपे झाले हे खरे. पण त्याच्याही आधी, १८२१ आणि १८२२ ह्या साली, इंग्लंडात जॉन कॉन्स्टेबल हॅम्पस्टेडच्या माळावर बसून तैलरंगात मेघांचे लहान लहान अभ्यास करीत होता, आणि त्यांच्या पाठीवर तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा टिपून ठेवीत होता. वादळाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच टर्नरचे नाव घेतले जाते. त्याची थोरवी निर्विवाद आहे, परंतु शिकणाऱ्याने आधी कॉन्स्टेबलचा तो शिरस्ता उचलावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तैलरंग हे परकीय साधन, ते आपल्या मातीत कसे रुजणार, असा आक्षेप मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांनी रंग कालवलेल्या तेलाचा विचार करावा. ते जवसाचे तेल असते, आणि जवस हे पूर्व विदर्भाचे घरचे पीक आहे. धान कापणीस येण्यापूर्वी बांधीतील ओलीवर लाखोळी व जवस फेकून पेरण्याची उतेरा नावाची रीत इकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या शेताचे चित्र काढावयाचे त्याच शेतात त्या चित्राचे बंधनद्रव्य निळ्या फुलांनी डोलते, हा योग जगात थोड्याच प्रांतांना लाभला असेल. ह्या तेलाचा गुण असा, की ते पाण्यासारखे उडून जाऊन सुकत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते आपल्या जागीच घट्ट होत जाते, आणि म्हणून पावसाळी, थंड, दमट हवेत त्याला अधिक दिवस लागतात. अंबरसारख्या मातीच्या रंगांत मँगनीज असल्यामुळे ते लवकर सुकतात, तर टिटॅनियमचा पांढरा व हस्तिदंती काळा हे उशिरा सुकतात. ह्यास्तव पहिला थर अंबर किंवा बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून द्यावा आणि तेलकट, जाड रंग त्याच्या वर यावा. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो, आणि काही वर्षांनी चित्राला भेगा पडतात. श्रावणात ताणलेला कॅनव्हास ओल धरून सैल पडतो आणि त्याच्या मागे बुरशी येते. बाहेरच्या कामासाठी प्राइम केलेली लहान फळी बरी, आणि घरी आणल्यावर ती भिंतीस चिकटवून न ठेवता वारा खेळेल अशी उभी ठेवावी.

तंत्राचा संपूर्ण तपशील पुढील प्रकरणांत येईलच. येथे एका गोष्टीचा मात्र उल्लेख करतो, कारण तिच्यावाचून पावसाळी चित्र होत नाही. दूरवर कोसळणाऱ्या पावसाचा जो पडदा मेघापासून भूमीपर्यंत लोंबतो, तो बहुतेक लोक तिरप्या रेषा ओढून दाखवितात. तसे करू नये. खालचा गडद थर सुकला की त्याच्यावर उजळ, अपारदर्शक रंग अगदी कोरड्या ब्रशने, जेमतेम पसरेल इतकाच, घासून द्यावा. खालचा काळोख त्यातून अर्धवट दिसत राहतो आणि मिश्रणात निळा न घालताही तो भाग आपोआप थंड, निळसर दिसू लागतो. काळ्या डोंगरापुढे चुलीचा धूर निळा दिसतो त्याचे कारण हेच आहे: बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, आणि मागे काळोख असला म्हणजे तो विखुरलेला प्रकाश डोळ्यास जाणवतो. तसेच मेघाचे. उजळलेल्या पिवळट हिरव्या धानाशेजारी साधा राखाडी रंग ठेवला तरी तो जांभळट दिसतो. शेजारचे रंग एकमेकांस कसे पालटतात ह्याचे नियम शेव्हरल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडले. तेव्हा मेघ निळाजांभळा दिसला म्हणून त्यात निळा व जांभळा ओतू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ह्यांचे मिश्रण, त्यात थोडा पांढरा, एवढ्यावर पूर्वेकडील आकाश उभे राहते, आणि उरलेले काम शेजारचे धान करते.

ह्या प्रांताचा आणि तैलरंगाचा संबंध केवळ कल्पनेतील नाही, ह्याची साक्ष एका मोठ्या चित्रकाराच्या चरित्रात मिळते. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात असल्यामुळे त्यांचे बालपण सातपुड्याच्या अरण्यात गेले. मंडला आणि गोंदिया ह्यांच्या मध्ये एक बालाघाट जिल्हा काय तो आहे. नागपूरच्या चित्रशाळेत शिकल्यावर, आणि १९४३ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश करण्यापूर्वी, रझांनी गोंदियात चित्रकलेचे शिक्षक म्हणून काही काळ काम केले. मुंबईत त्यांनी प्रथम जलरंगात शहराची पावसाळी दृश्ये रंगविली. १९५० साली ते फ्रान्सला गेले, तेथे तैलरंगाचा जाड, थरांवर थर देणारा हात त्यांनी कमावला, १९५६ साली तेथील समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि पुढील दशकात त्यांच्या चित्रांतील घरे व झाडे रंगाच्या उसळत्या लोटांत विरून गेली. लहानपणी पाहिलेल्या अरण्यातील रात्रीची भीती आणि सकाळचा दिलासा आपल्या चित्रांत आहे, असे ते सांगत. मला त्यांच्या उत्तरकालीन बिंदूपेक्षा ही मधल्या काळातील चित्रे अधिक मोलाची वाटतात, कारण त्यांत ह्या प्रदेशाची हवा, नाव न घेता, तैलरंगात उतरलेली आहे. पॅरिसमध्ये बसून जे त्यांना स्मरणाने साधले, ते येथेच राहून डोळ्यांसमोर पाहणाऱ्याने का साधू नये, हा प्रश्न गोंदियाच्या कोणाही होतकरू चित्रकारास पडावयास हवा.

स्मरण हा शब्द मी मुद्दाम वापरला. वादळी प्रकाश डोळ्यांसमोर थांबत नाही, म्हणून त्याचे चित्र शेवटी स्मरणानेच पुरे करावे लागते. पण स्मरण विश्वासार्ह व्हावयाचे तर त्यामागे नोंदींचा भरणा पाहिजे. ह्याच ठिकाणी बहुसंख्य चित्रे फसतात. ज्याच्याजवळ नोंदी नाहीत तो मेघ अधिक काळा करतो, सूर्य अधिक तांबडा करतो, एखादी वीज घालतो, आणि दिवाणखान्यात टांगलेल्या छापील देखाव्यांची आणखी एक प्रत तयार होते. निसर्गातील सर्वांत उजळ व सर्वांत गडद ह्यांच्यातील अंतर रंगाच्या नळ्यांतील पांढऱ्या व काळ्याच्या अंतराहून कितीतरी मोठे असते. त्यामुळे चित्रकारास हे अंतर काटकसरीने वाटून घ्यावे लागते, आणि खरा उजेड चित्रात एकाच ठिकाणी, लहानशा जागेत ठेवावा लागतो. ह्या जिल्ह्याने त्यासाठी एक उत्तम परिमाण दिले आहे. महाराष्ट्रात आता मुख्यतः येथेच टिकून राहिलेली सारसाची जोडी पावसाळ्यात धानाच्या बांधीत उभी असते. माणसाच्या उंचीचा तो करडा पक्षी काळ्या मेघापुढे उजळ दिसतो आणि उजळ पाण्यापुढे गडद दिसतो. एकाच आकृतीत प्रकाशाचे दोन्ही व्यवहार पाहावयास मिळतात, आणि तिच्यावरून दृश्याची भव्यताही मोजता येते. घरट्याजवळ मात्र जाऊ नये. दूर धुऱ्यावरून दिसते तेवढे चित्रास पुरते.

गद्यात ह्या मुलखाला त्याचा चित्रकार लाभला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावला काढलेल्या वर्षांतून तेथील पाणी, पक्षी आणि रान मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचले, आणि ज्यांनी तो तलाव कधी पाहिला नाही त्यांनाही तो ओळखीचा झाला. रंगात तेवढ्या तोलाचे काम माझ्या पाहण्यात अद्याप आलेले नाही. जिल्ह्यातील शाळांतून चित्रकला शिकविणारे शिक्षक आहेत, नागपूरला कलामहाविद्यालय आहे, रेल्वेने गोंदिया जंक्शन मुंबईशी आणि हावड्याशी जोडलेले आहे; साधनांची उणीव पूर्वी होती तेवढी आता राहिलेली नाही.

म्हणून ह्या पुस्तकाच्या वाचकास, विशेषतः झाडीपट्टीतील तरुण चित्रकारास, माझी एवढीच विनंती आहे की त्याने पहिले प्रकरण वाचून होताच पुस्तक मिटावे आणि येत्या पावसाळ्यात आपल्या गावच्या तलावाच्या पाळीवर तळहाताएवढ्या फळ्या घेऊन बसावे. एका फळीवर अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवू नये. आकाश आधी, भूमी नंतर, आणि उजेड सर्वांत शेवटी ठेवावा. प्रत्येक फळीच्या मागे तारीख, वेळ, नक्षत्र आणि वाऱ्याची दिशा लिहावी. हस्त संपेपर्यंत अशा फळ्यांचा पुरेसा संग्रह जमला, म्हणजे मग मोठा कॅनव्हास ताणावा आणि दुसऱ्या प्रकरणास आरंभ करावा.